रजा कमी झाल्या, पण कुणाच्या?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, चिडून लिहिलेली आहे, आणि दोन्हीला माझी हरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी कंपन्यांमधल्या तणावमुक्तीच्या कार्यक्रमांना सरसकट झोडपतो, एचआरमध्ये, म्हणजे मनुष्यबळ विभागात, कधी बसलेलो नाही, आणि तुमच्याकडे ध्यानाच्या सत्रांना नियमित येणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षा बऱ्याच कमी आहेत. तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास आहे. त्यांवरून काढलेल्या निष्कर्षावर नाही.

सत्राला येतं कोण, ते बघा. ज्याला दुपारी चारला जागेवरून उठता येतं, ज्याचा साहेब तोंड वाकडं करत नाही, ज्याला मुळातच तब्येतीची हौस आहे, तो येतो. हेल्पडेस्कवर हेडफोन लावून बसलेली मुलगी येत नाही. तिचा पाणी प्यायला उठल्याचा वेळसुद्धा स्क्रीनवर मोजला जातो. या दोघांच्या रजा कार्यक्रम नसता तरी सारख्या नसत्याच.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे नीट तपासलं गेलं. २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून ३,३०० कर्मचाऱ्यांना वेलनेस, म्हणजे तब्येत सांभाळण्याचा, कार्यक्रम खुला केला, १,५३४ जणांना नाही. गंमत म्हणजे त्याच माहितीवर संशोधकांनी तुमच्या पद्धतीनेही हिशोब मांडून पाहिला, म्हणजे आलेले विरुद्ध न आलेले. कार्यक्रम झकास ठरला! मूळ विभागणीनुसार तुलना केली, तर वैद्यकीय खर्चात आणि गैरहजेरीत दखल घ्यावी असा फरक नाही. भाग घेणाऱ्यांचा खर्च आधीपासूनच कमी होता. वाढलं काय, तर तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण आणि मालकाला आपल्या तब्येतीची काळजी आहे ही भावना.

तो निव्वळ तणावाचा कार्यक्रम नव्हता, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. मग संशोधक विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा ब्रिटनमधला अभ्यास घ्या: २३३ संस्था, ४६,३३६ कर्मचारी. माइंडफुलनेस (सजग ध्यान), अॅप, तणाव व्यवस्थापनाचे वर्ग यांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. स्वयंसेवक म्हणून समाजकार्य करण्याचा तेवढा अपवाद. ही एका वेळची पाहणी आहे, त्यामुळे कार्यकारणावर मी पैज लावणार नाही. ध्यानाने एखाद्याला घरी शांत झोप लागत असेल, तर त्याने ते जरूर करावं. माझा वाद रजेच्या तक्त्याशी आहे.

आणि रजा कमी होणं म्हणजे तब्येत सुधारणं, हे तरी कुठे ठरलंय? ताप असताना लॅपटॉप उघडणारा तुमच्या तक्त्यात ठणठणीत असतो. सत्रात बसून ज्याला कळलं की हे नुसतं दमणं नाही, आणि ज्याने डॉक्टरांकडे जाऊन पंधरा दिवस विश्रांती घेतली, तो मात्र कार्यक्रमाचं अपयश!

रजा खरोखर कमी झाल्याचं एक उदाहरण सांगतो. बाँड आणि बन्स या संशोधकांनी २००१ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी खात्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे कामाची रचनाच बदलली, आपलं काम कसं करायचं यात कर्मचाऱ्यांना जास्त अधिकार दिला. मानसिक स्वास्थ्य सुधारलं, आजारपणाच्या रजाही घटल्या. खर्चाच्या मानाने ध्यानाचा प्रशिक्षक बोलावणं सोपं, साहेबांचे अधिकार कमी करणं अवघड. म्हणून पहिलंच जास्त होतं, असा माझा आपला अंदाज.

तुमच्याकडे हजेरीची नोंद आहेच, तर एवढं करा: सत्रांना येणाऱ्यांच्या कार्यक्रम सुरू होण्याआधीच्या वर्षातल्या रजा काढा आणि न येणाऱ्यांच्या त्याच वर्षातल्या रजांशेजारी ठेवा. हेल्पडेस्क वेगळा काढा. नावं नकोत, बेरजा पुरतील. फरक तेव्हाही एवढाच निघाला, तर पुढच्या बजेटच्या बैठकीत प्रशिक्षकाच्या मानधनाआधी शिफ्टच्या वेळापत्रकाचा विषय घ्या.