‘दोन लाखांशिवाय भारताची मॅच दिसत नाही’ म्हणे!

आमच्या गावच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. तालुक्यातल्या पाच-सात ग्रुपांचं पाणी पिऊन आलेला, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’. मजकूर थोडक्यात असा: भारतीय फुटबॉल संघाच्या मागे परदेशात जाणं हा पैसेवाल्यांचा शौक. माणशी दोन लाख लागतातच. टूरवाल्याशिवाय जमत नाही. स्पर्धा ऐन हंगामात येतात, शेतकऱ्याला वावर सोडता येत नाही. दहावी नापास माणसाला तर आखाती देशाच्या विमानात बसूच देत नाहीत. आणि एवढं करून पाहायचं काय, तर हार, तीन सामन्यांत एकही गोल नाही. खाली हात जोडलेल्या चार खुणा आणि एकाचं उत्तर, ‘एकदम बरोबर भाऊ’.

मी, गजानन आणि गजाननचा मेव्हणा असे आम्ही तिघं जानेवारी 2024 मध्ये दोह्याला जाऊन एएफसी आशियाई चषकातले भारताचे दोन सामने पाहून आलो. वर्धा जिल्ह्यातून, पुलगावला रेल्वेत बसून. तेव्हा हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

आधी दोन लाखांचं. माझा सगळा खर्च 51 हजार 800 रुपये. वहीत लिहिलेला आहे, कारण बायकोला दाखवायचा होता. मुंबई-दोहा जाऊन-येऊन विमान 26 हजार 400. नागपूरहूनही दोह्याला थेट विमान आहे, पण आम्ही पाहिलं त्या तारखांना मुंबईहून बरंच स्वस्त होतं, म्हणून रात्री विदर्भ एक्सप्रेसचं स्लीपर धरलं. एका खोलीत तिघं, सात रात्री, माझ्या वाट्याला 11 हजार. पासपोर्टची फी 1500. कतारमध्ये पाहुण्याला सक्तीचा आरोग्य विमा 50 रियाल. सामन्याचं सगळ्यात स्वस्त तिकीट 25 रियाल, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेसहाशे रुपये. यवतमाळला लग्नाला जाऊन आहेर केला तरी याहून जास्त जातात. बाकी खाणं, मेट्रो आणि घरी आणलेला खजूर.

त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7020 रुपये होता. त्या हिशेबाने माझी मॅच साडेसात क्विंटलच्या आतच बसली. मेसेजमधले दोन लाख म्हणजे साडेअठ्ठावीस क्विंटल, म्हणजे आमच्या घरची अख्खी पराटी. साडेसात क्विंटल काही फुकटात येत नाहीत, हे मलाही कळतं. त्या वर्षी मी गाडीचं टायर बदललं नाही आणि मोबाईल जुनाच ठेवला. पण ‘परवडत नाही’ आणि ‘दुसरं काही सोडून परवडवावं लागतं’ यात फरक आहे की नाही?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची मान्य. हे गणित आखाती देशाचं आहे. चार-सव्वाचार तासांचं विमान आणि खायला गल्लोगल्ली केरळी हॉटेलं. अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं म्हणाल तर दोन लाखही पुरायचे नाहीत.

पैसा वाचतो कुठे, तर सामन्यांच्या तारखांत. भारताचे गटातले तीन सामने 13, 18 आणि 23 जानेवारीला होते. पाच-पाच दिवसांच्या अंतराने. तिन्ही पाहायचे तर बारा रात्री खोलीचं भाडं. लोक इथेच फसतात. संघामागे जायचं म्हणजे पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत तंबू ठोकायचा असं त्यांना वाटतं. आम्ही पहिले दोन धरले, 12 ला पोहोचलो, 19 ला परत निघालो. भारत पुढे गेला असता तर हळहळलो असतो, पण बाद फेरीच्या भरवशावर परतीचं तिकीट लांबवणं म्हणजे ढग पाहून पेरणी करणं.

खोलीही स्टेडियमजवळ घेतली नाही. मन्सूरा भागात घेतली, कारण मेट्रोच्या ग्रीन लाईनच्या एका टोकाला अल मन्सूरा आणि दुसऱ्या टोकाला अल रिफा, आणि अल रिफाला उतरलं की समोर अहमद बिन अली स्टेडियम. आमचे दोन्ही सामने तिथेच होते. मेट्रो एकदाही बदलावी लागली नाही. एका फेरीला 2 रियाल, दिवसभर फिरायचं तर 6. पुलगावहून वर्ध्याला जायला मला यापेक्षा जास्त वेळ आणि कितीतरी जास्त धक्के लागतात.

टूरवाल्याचं ऐका. जिल्ह्याच्या गावातल्या एकाकडे आम्ही गेलो होतो. त्याने माणशी 1 लाख 40 हजार सांगितले. त्यात वाळवंटाची सफर, बोटीतलं जेवण आणि सामना किती, तर एक! वर पॅकेजवर तेव्हा 5 टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आधीच कापून घ्यायचा आयकर. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, मग आमच्यातला रिटर्न भरतो कोण? विमान एका ठिकाणी आणि खोली दुसऱ्या ठिकाणी, असं आपलं आपण काढलं की ते पॅकेज राहत नाही. खोलीच्या बाबतीत मात्र एक अट होती. भारतीय पासपोर्टवर कतारमध्ये तीस दिवसांचा व्हिसा उतरल्यावर फुकट मिळायचा, पण हॉटेलचं बुकिंग त्यांच्या ‘डिस्कव्हर कतार’ या पोर्टलवरूनच हवं. दुसऱ्या ॲपवरची स्वस्त खोली पाहून उडी मारली असती तर तिथेच अडकलो असतो. हे काम गजाननच्या पुतणीने केलं. कॉलेजात आहे, दोन संध्याकाळी लागल्या.

आता हंगाम. ‘वावर सोडता येत नाही’ हे वाक्य ऐकायला खरं वाटतं, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. ही स्पर्धा मुळात चीनमध्ये 2023 च्या जून-जुलैत व्हायची होती. तेव्हा असती तर मी मृगाच्या तोंडावर तिफण सोडून कुठे गेलो नसतो, आणि बापाने जाऊही दिलं नसतं. चीनने 2022 मध्ये यजमानपद सोडलं, स्पर्धा कतारला गेली आणि तिथल्या उन्हामुळे जानेवारी 2024 वर ढकलली गेली. त्यांचं ऊन आमच्या पथ्यावर पडलं! जानेवारीत आमच्याकडे सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचे दोन वेचे घरात आलेले असतात, तूर वाळत असते. हातात थोडा पैसा खेळतो आणि आठ दिवस पाणी द्यायला भाऊ असतो.

‘तारखा ऐनवेळी कळतात’ असंही कोणीतरी खाली जोडलं होतं. चूक. गटांची सोडत 11 मे 2023 ला दोह्यात झाली, म्हणजे पेरणीच्याही आधी. पेरणी उरकल्यावर जुलैत आम्ही पासपोर्टचा अर्ज केला, पोलिस पडताळणीचा शिपाई पोळ्याच्या आधी येऊन चहा पिऊन गेला, विमान दिवाळीआधी काढलं. घाई कुठेच झाली नाही.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतला 2026 चा विश्वचषक मात्र 11 जून ते 19 जुलै. आमच्यासाठी तो मोबाईलवरच. त्याच्याबद्दल दुसऱ्या ग्रुपवर उलट्या टोकाची अफवा फिरते, की सामन्याचं तिकीट काढलं की व्हिसा लागत नाही. ती आली कुठून तेही सांगतो. रशियाने 2018 मध्ये ‘फॅन आयडी’ आणि कतारने 2022 मध्ये ‘हय्या’ कार्ड दिलं, त्यावर तिकीटवाल्यांना व्हिसाशिवाय जाता आलं. अमेरिकेत तसं नाही. तिथे व्हिसाची फी 185 डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही, आणि सामन्याचं तिकीट हातात असणं म्हणजे व्हिसा मिळणं नव्हे. कॅनडाचा व्हिसा परत वेगळा.

दहावी नापासचा मुद्दा. गजाननचा मेव्हणा नववीत शाळा सोडलेला. त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’चा शिक्का आहे. हा शिक्का असला की कतारसह अठरा देशांत *नोकरीला* जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. नोकरीला! फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. पण काउंटरवर विचारपूस होते, हे खरं. मुंबईला इमिग्रेशनच्या साहेबाने त्याला बाजूला घेतलं. "काम करने जा रहे हो?" मेव्हणा म्हणतो, "साहेब, काम तो घर पे बहुत पडा है. मॅच देखने जा रहा." परतीचं तिकीट, हॉटेलचा कागद आणि दोन सामन्यांची तिकिटं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, बियाण्याच्या पिशवीत. साहेबाने ती उलटून पाहिली, हसला, शिक्का मारला. मेव्हण्याचे पाय मात्र विमान उडेपर्यंत लटलटत होते.

‘विदर्भातल्या खेड्यात फुटबॉल पाहतं कोण’ असं विचारणाऱ्याने एकदा नागपूरजवळच्या फुटबॉलवेड्या कामठीला जाऊन यावं. एवढं बस आहे.

राहिली हार. हरलो. ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. तीन सामने आणि आपला एकही गोल नाही. मेसेजवाल्याने हा आकडा अगदी अचूक दिलाय. पण 13 तारखेला मध्यंतरापर्यंत 0-0 होतं. सुरुवातीलाच आपला कर्णधार सुनील छेत्रीचं हेडर गोलच्या बाजूने निसटलं, तेव्हा हजारो माणसं एकदम उठली आणि एकदम बसली. माझ्या पुढच्या रांगेत मलप्पुरमचा एक सुतार होता, बारा वर्षं दोह्यात राहिलेला. त्याने मला ढोलाची काठी दिली, मी त्याला दशमी आणि मिरचीचा ठेचा. ठेचा खाऊन तो दुसऱ्या हाफची पहिली पाच मिनिटं नुसता पाणी पीत होता, आणि तेवढ्यात ऑस्ट्रेलियाचा पहिला गोल झाला. शिट्टी त्या दिवशी जपानच्या योशिमी यामाशिता यांच्या हातात होती. पुरुषांच्या आशियाई चषकात मुख्य पंच झालेल्या त्या पहिल्या बाई. हे मी घरी सांगितलं तेव्हा आईने फुटबॉलबद्दल आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, "मंग ते माणसं तिचं आयकत होते का?"

पुढचा आशियाई चषक सौदी अरेबियात, 7 जानेवारी ते 5 फेब्रुवारी 2027. पुन्हा तुरीच्याच दिवसांत. भारत त्यात नाही; ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि दार बंद झालं. पासपोर्टला अजून सात वर्षं आहेत.

सीरियाचा सामना आम्ही परत येऊन पाहिला, 23 तारखेला संध्याकाळी पाच वाजता, वावरात, तुरीच्या गंजीला मोबाईल टेकवून. 76 व्या मिनिटाला त्यांचा गोल झाला. गजाननचा बाप मळणीयंत्राचा पट्टा चढवत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "हारले?"

"हारले," गजानन म्हणाला.

"मंग आता ये इकडे, पट्टा धर."