ऑनलाइन अभ्यासक्रम ‘एकदाच’ तयार होत नाही

‘पाठ्यपुस्तक दर वर्षी छापावे लागते, ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र एकदाच तयार करावा लागतो, मग तो कायम टिकतो, कोणत्याही फोनवर उघडतो आणि त्यावर पुन्हा खर्च येत नाही,’ हे विधान शिक्षणावरील चर्चांत आणि फिरत्या संदेशांत इतक्यांदा केले जाते की त्याला आधार काय, असे सहसा कोणी विचारत नाही. मला ते घातक वाटते. याच समजुतीवर अंदाजपत्रके बेतली, की साहित्य तयार करण्यासाठी तरतूद होते आणि ते चालू ठेवण्यासाठी होत नाही.

आधी टिकाऊपणाचा दावा घेऊ. २००० नंतरच्या दशकात शाळा-महाविद्यालयांसाठी तयार झालेले हलत्या आकृत्यांचे बरेचसे साहित्य ॲडोबी कंपनीच्या फ्लॅश या तंत्रात होते, तर विज्ञान-गणिताची अनेक प्रात्यक्षिके जावा ॲपलेटच्या, म्हणजे जावा भाषेत लिहिलेल्या व वेबपानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, रूपात होती. दोन्ही चालवण्यासाठी ब्राउझरमध्ये प्लगइन, म्हणजे वेगळे जोड-सॉफ्टवेअर, लागे आणि या प्लगइनमधील सुरक्षेच्या त्रुटी वारंवार उघड होत होत्या. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावा प्लगइनचा रस्ता बंद केला. ॲडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने असे साहित्य दाखवणेच थांबवले. सर्व्हरवरील फाइली जशाच्या तशा होत्या, पण त्या उघडणारे साधन नाहीसे झाले होते. करोनामुळे वर्ग बंद होते आणि ऑनलाइन साहित्याची गरज पूर्वी कधी नव्हती इतकी होती, नेमक्या त्याच वर्षात हे घडले.

यावर असे उत्तर दिले जाते, की साडेतीन वर्षांची पूर्वसूचना मिळाली होती, तेवढ्या काळात रूपांतर करून घेता आले असते. ज्यांनी ते केले त्यांना काय करावे लागले, हे पाहणे उद्बोधक आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशने, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, मराठीतही वापरली जातात. ती मुळात जावा आणि फ्लॅशमध्ये होती. एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे प्लगइनशिवाय ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबपानांच्या खुल्या भाषेत, आणताना त्यांतील अनेक नव्याने लिहावी लागली आणि ते काम वर्षानुवर्षे चालले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात, ज्यात आयआयटी मुंबई आणि पुण्याचे सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय यांचाही सहभाग आहे, जुन्या तंत्रावरील प्रयोग असेच पुन्हा बांधावे लागले. या प्रकल्पांकडे माणसे होती, निधी होता आणि मुख्य म्हणजे मूळ संपादनयोग्य फाइली होत्या. एखाद्या संस्थेने ठेकेदाराकडून केवळ अंतिम फ्लॅश फाइल घेतली असेल, तर तिच्या हाती बदल करण्याजोगे फारसे काही उरत नाही. ‘रफल’सारखे मुक्त सॉफ्टवेअर जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवते, ही मोलाची सोय आहे, पण सगळ्याच फाइली, विशेषतः फ्लॅशमध्येच पुढे आलेल्या नव्या प्रोग्रॅमिंग पद्धतीने बनवलेल्या, त्यावर बिनचूक चालतात असे नाही.

मराठीतील अभ्यास-साहित्याला याहून जुना एक फटका बसलेला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेतांक देणारे जागतिक मानक, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टंकित होत असे आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी असे. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचा होता, त्यावर देवनागरीचा केवळ साज चढवलेला होता. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला आज तिथे अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. शोधयंत्राला त्यातला शब्द सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याचे वाचन-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. रूपांतराची साधने आहेत, परंतु जोडाक्षरे, रफार आणि मधूनच येणारे इंग्रजी शब्द यांत चुका राहतात, म्हणून प्रत्येक पान माणसाला तपासावे लागते.

‘कोणत्याही फोनवर उघडतो’ हा दावा तर सर्वांत कमकुवत आहे, आणि त्याची झळ गरीब घरांतील मुलांना अधिक बसते, कारण जुना फोन त्यांच्याच हाती असतो. असंख्य संकेतस्थळांना मोफत सुरक्षा-प्रमाणपत्रे (संकेतस्थळ अस्सल आहे, हे ब्राउझरला पटवणाऱ्या डिजिटल नोंदी) देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले, की त्यांचे नवे मूळ प्रमाणपत्र, ज्याच्या भरवशावर बाकीची प्रमाणपत्रे खरी मानली जातात, अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या फोनांना ओळखता येणार नाही; त्या वेळी वापरातील ३३.८ टक्के अँड्रॉइड उपकरणे ७.१ च्याही आधीच्या आवृत्तीवर होती. पुढे तोडगा निघाला, पण तोही २०२४ पर्यंतच पुरणारा होता. अशा बदलात अभ्यासक्रमाचा एक शब्दही बदलत नाही, तरी विद्यार्थ्यासमोर धड्याऐवजी धोक्याची सूचना येते.

‘मग सगळे व्हिडिओच करा’ हा सल्ला काही अंशी योग्य आहे, कारण साधा व्हिडिओ जुन्या ॲपलेटपेक्षा अधिक काळ चालतो. मात्र तो प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. विद्युतमंडलातला रोध वाढवून काय होते, हे विद्यार्थ्याने स्वतः करून पाहायचे असते.

मूळ विधानात तथ्याचा अंश आहे, तोही नोंदवला पाहिजे. १९९१ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेले वेबपान आजच्या ब्राउझरमध्ये विनासायास उघडते. ‘जिओजेब्रा’ हे गणित शिकवण्याचे सॉफ्टवेअर जावाकडून एचटीएमएल५ कडे वळले तरी त्याच्या जुन्या फाइली उघडतात, कारण त्या फाइलीत भूमितीची रचना साठवलेली असते आणि ती दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. म्हणजे टिकाऊपणा मिळवता येतो, पण त्यासाठी खुले स्वरूप पहिल्या दिवशीच निवडावे लागते. तरीही तेवढ्याने काम संपत नाही: क्रोमने गणिती सूत्रांसाठीच्या ‘मॅथएमएल’ या खुल्या मानकाचा आधार २०१३ मध्ये काढला आणि तो थेट जानेवारी २०२३ मध्ये परत आणला. मधली दहा वर्षे सूत्रे नीट दिसावीत म्हणून अनेकांना दुसऱ्या साधनांचा आधार घ्यावा लागला.

म्हणून ‘पुन्हा खर्च येत नाही’ हा दावा हिशेबातच चूक आहे. खर्च येतो, फक्त तो कागदावर दाखवलेला नसतो. यापुढे विद्यापीठाने किंवा शिक्षण विभागाने अभ्यासक्रम तयार करून घेताना करारात तीन अटी घालाव्यात, असा माझा आग्रह आहे: सर्व मूळ संपादनयोग्य फाइली संस्थेच्या ताब्यात द्याव्यात, सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा, आणि दर वर्षी जुन्या, स्वस्त फोनवर प्रत्येक धडा उघडून पाहण्यासाठी व त्यात आढळलेले दोष दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी.