चार मॅच खेळला म्हणजे क्रिकेटर का?

परवा बडोद्याच्या दांडिया बाजारात सेव उसळ यायच्या आधीच आमची जुंपली. विषय काय, तर ऑक्सफर्ड-केंब्रिजकडून चार-पाच मॅच खेळायच्या, डिग्री घ्यायची, पुढे बॅटला हात लावायचा नाही, आणि तरी रेकॉर्डमध्ये नाव कायमचं फर्स्ट क्लास (म्हणजे टेस्ट, रणजीच्या दर्जाच्या मॅच खेळलेला) क्रिकेटर म्हणून!

मास्तर तर पेटलेच. म्हणे आपल्याकडे युनिव्हर्सिट्यांची रोहिंटन बारिया ट्रॉफी 1935-36 पासून चालूये, एम.एस. युनिव्हर्सिटीच्या पोराने तिथे शतक ठोकलं तरी त्याला फर्स्ट क्लासचा शिक्का नाही, रणजीत नंबर लागला तर ठीक, नाहीतर बँकेत चिकटा, आणि तिकडे दोन इनिंगमध्ये सहा रन करणारा अमर?

बाळ्या म्हणाला, जो ने (बघा ना) मास्तर, ते सहा रन काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल टीमच्या बोलरसमोर केलेत. एप्रिलची थंडी, बॉल हलतोय, समोरचा त्याच धंद्यावर घर चालवतो आणि याची परीक्षा तोंडावर. रोहिंटन बारियात समोर कोण, दुसऱ्या कॉलेजातलीच पोरं ना? (हे मास्तरांना झोंबलं, कारण खरं होतं.)

अण्णांचं गाडं आपलं पतौडी बापलेकांवर. थोरल्यांनी 1931 ला लॉर्ड्सवर, केंब्रिजच्या रॅटक्लिफने 201 मारले म्हणून ऑक्सफर्डकडून नाबाद 238 ठोकले, धाकटे 1961 ला ऑक्सफर्डचे कॅप्टन, जुलैत होव्हला अ‍ॅक्सिडेंटमध्ये उजवा डोळा गेला आणि डिसेंबरात टेस्ट खेळले पण. मी म्हटलं अण्णा, सगळं कबूल, पण पतौडी काढले की चर्चाच संपते, आपण त्या सहा रनवाल्याबद्दल बोलतोय.

आणि त्या पोराची यात काय चूक? तो शिकायला गेला होता, खेळायला मिळालं, खेळला. मला खटकतं ते शिक्का देणाऱ्यांचं. 2020 नंतर इंग्लंडने युनिव्हर्सिटीच्या मॅचचा फर्स्ट क्लास दर्जाच काढून घेतला, म्हणजे 2019 चा पोरगा सहा रनवर रेकॉर्डमध्ये आणि पुढच्याने त्याच मैदानावर, त्याच काउंटीला शंभर मारले तरी तो बाहेर.

मास्तर खूश, म्हणे झाली ना मग बरोबरी, त्यांचंही मोजत नाहीत, आपलंही नाही.

बाळ्या म्हणाला, अहो पण आपलं मोजायला लावायचं होतं, त्यांचं बंद करून आपल्या पोरांना काय मिळालं? त्यावर मास्तर परत सुरू, आता गाडी बीसीसीआयवर.