उताराला घाबरा, पण कळू देऊ नका

स्कीइंग शिकायला निघाला असाल तर आधी प्रशिक्षक टाळा. हा माणूस तुम्हाला सकाळभर जवळजवळ सपाट जागेवर पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं करतो. स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायला लावतो, आणि या अवताराला वर पिझ्झा म्हणतो. चारचौघांत हे शोभतं का? तुम्ही थेट स्की समांतर ठेवून सुटा. वेग आवरत नाही हे खरं, पण फोटो झकास येतो. 2023 मध्ये फ्रान्समधल्या वार्स इथे सिमाँ बिली हा वेगाच्या शर्यतींतला स्कीपटू समांतर स्कींवरूनच ताशी 255.5 किलोमीटर वेगाने खाली आला. त्याला थांबायला पुढे मोकळं मैदान होतं आणि तुमच्यापुढे लिफ्टची रांग आहे, फरक असेल तर एवढाच.

बूट ऐसपैस घ्या. दुकानातला माणूस पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजेल, एकच पातळ मोजा घाला म्हणेल, आणि मग पाय जखडल्यासारखा वाटेल. त्यापेक्षा मोठा बूट आणि आत दोन जाड मोजे बरे. सैल बुटात पाय डावीकडे वळला तरी स्कीला त्याचा पत्ता लागत नाही. ती आपली सरळ जाते.

मग येतो फॉर्म. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचा प्रकार: पहिला, दुसरा की तिसरा. यावरून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा ठरतो: पडताना किती जोर लागला की बूट स्कीतून सुटावा, ते. पहिला प्रकार सावकाश, बेताने जाणाऱ्यांचा. मागे ओळखीचं कुणी डोकावत असताना तिथे खूण करायची? छे! तिसऱ्यावर करा. वजन मात्र आठ-दहा किलो कमी लिहा, म्हणजे एका थापेने दुसरी फिटेल अशी आशा ठेवता येते. नाहीच फिटली, तर स्की अतिशय एकनिष्ठ होते. गुडघा पिळवटला तरी साथ सोडत नाही.

आता मुख्य तंत्र. उतारावर उभं राहताच शरीर आपोआप मागे, डोंगराकडे रेलतं. त्याचं ऐका. आजवर कुठल्या कड्यावरून त्याने तुम्हाला पडू दिलं आहे? प्रशिक्षक नेमकं उलटं सांगेल: नडगी बुटाच्या जिभेवर दाबा, हात पुढे ठेवा, वळताना वजन बाहेरच्या स्कीवर टाका. थोडक्यात, ज्या बाजूची धडकी भरली आहे तिकडेच झुका! तुम्ही मागेच रेला. त्याने स्कीची टोकं हलकी होतात, वळेनाशी होतात आणि स्की तुमच्या खालून पुढे पळू लागते. ती पळाली म्हणून तुम्ही आणखी रेलता, तुम्ही रेललात म्हणून ती आणखी पळते. मांड्यांना आग लागते, ती मेहनतीची खूण समजा. हल्लीच्या स्की कमरेत निमुळत्या असतात आणि कडेवर कलवल्या की बऱ्याचशा स्वतःच वळतात म्हणे. पण त्यासाठी त्यांच्यावर उभं राहावं लागतं, बसून भागत नाही.

नजर स्कीच्या टोकांवर खिळवा. समोर काय आहे ते तसंही लवकरच कळणार असतं.

उतार निवडताना रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवा. युरोपात सोप्यापासून अवघडापर्यंत हिरवा, निळा, लाल, काळा. उत्तर अमेरिकेत लाल नाहीच, निळ्या चौकोनानंतर थेट काळा हिरा. एका डोंगरावरचा निळा दुसऱ्यावरच्या लालइतका तीव्र असू शकतो, आणि सकाळी इस्त्री केल्यासारखा दिसणारा उतार दुपारी उंचवट्यांनी भरतो. पण तुम्हाला काल एक निळा जमला होता ना? झालं तर.

वाटेत माणसं येतील. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे आचारनियम पुढच्याला मान देतात. मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, तेव्हा वाट त्याने बदलायची. तुम्हाला वाट बदलताच येत नसल्यामुळे हा नियम तुमच्यासाठी नसावा. जोरात ओरडा. लोक हलतात. (काही उलट बोलतात, पण तोवर तुम्ही पुढे गेलेले असता.)

पडायचंही तंत्र आहे. काठ्या घट्ट धरून ठेवा, हातात काठी असताना तळवा बर्फावर आपटला की अंगठ्याचा लिगामेंट कसा जातो ते समजतं. आणि घसरत असतानाच उठायची धडपड करा. नितंब गुडघ्यांखाली गेलेले, सगळा भार खालच्या स्कीच्या शेपटाच्या आतल्या कडेवर: गुडघ्याचा लिगामेंट तुटायला याहून सोयीची स्थिती नाही. हात पुढे घेऊन, पाय जवळ ठेवून पूर्ण थांबेपर्यंत निमूट घसरत राहणारे लोक भित्रे. त्यांना पुढचा प्रवास मिळत नाही: गस्तीपथक स्लेज घेऊन येतं, पट्टे बांधतं आणि काळजीपूर्वक खाली नेतं. तिथे मात्र हवं तितकं मागे रेला, कुणी टोकणार नाही.