लशीवर वाद, तापाकडे दुर्लक्ष

2025 च्या जूनमध्ये हासन जिल्ह्यात हृदयविकाराने एकामागून एक माणसं दगावली, त्यांत तरुणही होते. लगेच कर्नाटकभर एकच प्रश्न गाजला: हे कोविडच्या लशीने झालं का? मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनीही लशीला घाईत मंजुरी दिल्याकडे बोट दाखवलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि एम्सने संबंध नाकारला, राज्याच्या तज्ज्ञ समितीलाही तो सापडला नाही. तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लोक आजही लशीबद्दलच विचारतात. ज्या विषाणूविरुद्ध ती लस होती, तो रक्तवाहिन्यांचं काय करतो, हे कुणी विचारत नाही. इंग्लंडात राहून ही चर्चा वाचताना हेच सर्वांत जास्त खटकतं.

आयसीएमआरने 18 ते 45 वयाच्या, वरकरणी निरोगी माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला होता. कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागलेल्यांत धोका जास्त दिसला. लशीचे दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. फ्लूबद्दलचा पुरावा तर आणखी जुना. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला: प्रयोगशाळेत फ्लू पक्का झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं.

असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. एलडीएल, म्हणजे वाईट म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, धमनीच्या आतल्या अस्तरात शिरतं. भक्षक पेशी ते गिळून फुगतात, वर्षानुवर्षं थर साचतो आणि त्यावर पातळ आवरण धरतं. विषाणूशी लढताना शरीरभर दाह होतो, त्या थरातल्या पेशीही चवताळतात आणि त्यांच्या स्रावांनी आवरण झिजतं. त्यातच रक्त गोठण्याकडे झुकतं, नाडी वाढते, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. आवरण फाटलं की तिथे गुठळी. थोडक्यात, सरण ताटातून रचलं जातं, विषाणू फक्त काडी ओढतो. कित्येकदा फाटणारा थर निम्मीही वाट अडवत नसतो, त्यामुळे आधीची स्ट्रेस टेस्ट चांगली आली होती यावर विसंबून राहू नये.

म्हणून इंग्लंडात हृदयरोग्याला दर शरद ऋतूत फ्लूची लस मोफत मिळते, रक्तदाबाच्या गोळीइतकीच सहज. हार्ट अटॅकनंतर लगेच ही लस दिलेल्यांत वर्षभरातले मृत्यू 4.9 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर आले, असं 2021 च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. आपल्याकडे स्टेंट बसवून घरी आलेल्याच्या चिठ्ठीवर अ‍ॅस्पिरिन असतं, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन असतं, ही लस क्वचितच. सरकारी मोफत लसीकरणातही ती प्रौढांसाठी नाही. स्टेंट झालेले, मधुमेही आणि साठीपुढचे यांनी डॉक्टरांना विचारून ती दरवर्षी घ्यावी. आपल्या भागात फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, तेव्हा मेच्या अखेरीस घेतलेली बरी.

ताप आलाच तर स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवू नका. अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, त्या गोळ्यांनी हृदयाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. ताप उतरल्यावरही आठवडाभर जिम नको, ऊसतोड नको.

ताटाबद्दल मात्र परदेशाने आपल्याला शिकवावं असं फारसं नाही. ज्वारीची भाकरी, पुंडीची भाजी, मोड आलेली मटकी हे हृदयाला मानवणारंच जेवण आहे. ते बिघडवतात त्याभोवतीचे पदार्थ: लोणचं, पापड, बेकरीची खारी आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी. किराणाच्या यादीवरून हिशोब करा. दिवसाला माणशी 5 ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला 600 ग्रॅम मीठ पुरतं, आणि त्यात लोणच्या-पापडातलंही आलं. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर रक्तदाब चढण्याचा धोका आहे. तेल चौघांना तीन लिटरच्या आत. पामतेलात निम्मी चरबी संपृक्त असते, शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा. गोड कुंदा सणाला खावा, चहाबरोबर रोज नको. निपाणी पट्ट्यात हे सगळं सांभाळून तंबाखू चालू ठेवली तर उपयोग थोडा, कारण ती धमनीचं अस्तरच खरवडते.

इंग्लंडातलं सगळं चांगलं असंही नाही. साध्या रक्ततपासणीसाठी इथे आठवडे जातात. बेळगावात सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की संध्याकाळी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा अहवाल, हातात. ती सोय तिशीपासूनच वापरावी. कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80 ओलांडली असेल तर नक्कीच, कारण दक्षिण आशियाई माणसाला धोका कमी वजनावरच सुरू होतो.

एक मागणी मात्र कर्नाटक सरकारकडे आहे. इंग्लंडात लशीची माहितीपत्रकं गुजराती, पंजाबी, बंगालीतही निघतात. खानापूर तालुक्यातल्या आजीला छातीत कळ आली तर ‘गॅस’ समजून सोडा पिऊ नये, लगेच ईसीजी काढावा आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं काम करतं, हे कन्नडबरोबर मराठीतही आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहा. मधुमेही बायकांना तर कधीकधी कळ न येता नुसता दम लागतो, घाम फुटतो. तेही लिहा.