42 लाख विटांच्या घरात 120 विटा

प्रमोद मुलीकडे लंडनला दीड महिना राहून परत आला, तेव्हा आमच्या कट्ट्याची साधी अपेक्षा होती की तो राणीचा वाडा, तिथला पाऊस आणि नातवाचे मराठी या तीन विषयांवर बोलेल. डोंबिवली पूर्वेला बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायऱ्यांवर आम्ही गेली कित्येक वर्षे संध्याकाळी बसतो आणि परदेशवारीचे वर्णन ऐकण्याचा आमचा सराव दांडगा आहे. परंतु प्रमोदने बसल्याबसल्या सांगितले की दीड महिन्यात तो सहा वेळा एकाच कलादालनात गेला आणि त्यातल्या एका खेपेस त्याने जमिनीवर मांडलेल्या विटा पाहिल्या. मग चहा येण्याआधीच वाद सुरू झाला.

कलादालन म्हणजे टेम्स नदीच्या दक्षिण काठावरचे टेट मॉडर्न. ही मूळची बँकसाइडची वीजनिर्मिती करणारी इमारत. लंडनचे लाल टेलिफोन बूथ ज्यांनी आखले, त्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीच तिची रचना केली होती. 1981 साली वीज बनवणे थांबले आणि 2000 साली तिथे आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले. नानांची आयुष्याची चाळीस वर्षे बांधकामाच्या ठेक्यांत गेली असल्यामुळे त्यांनी पहिला प्रश्न इमारतीविषयीच विचारला. धुराडे 99 मीटर उंच आहे आणि बांधकामाला सुमारे 42 लाख विटा लागल्या, असे प्रमोदने सांगताच नाना क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे 42 लाख विटांच्या घरात जाऊन तू वेगळ्या 120 विटा बघून आलास. भिंतीला काय झाले होते?"

त्या 120 विटा म्हणजे कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराचे 'इक्विव्हॅलंट आठ', म्हणजे 'समतुल्य' क्रमांक आठ. सहा विटांची रुंदी, दहा विटांची लांबी आणि दोन थर, एवढेच ते काम आहे. सिमेंट नाही, चुना नाही, चौथरा नाही. फिकट रंगाच्या फायरब्रिक्स, म्हणजे भट्टीत लावायच्या उष्णता सोसणाऱ्या विटा, थेट जमिनीवर ठेवलेल्या. टेट मॉडर्न ज्या टेट संस्थेचे आहे, तिने हे शिल्प 1972 साली विकत घेतले, तेव्हा कोणी फारसे बोलले नाही. पण 1976 साली एका वृत्तपत्रात त्याचा उल्लेख आला आणि लोकांच्या करातून विटा विकत घेतल्या म्हणून इंग्लंडभर गदारोळ उठला. त्याच वर्षी एका प्रेक्षकाने त्या विटांवर निळा रंगही ओतला.

मकरंदला हेच हवे होते. तो म्हणाला, "मग त्या लोकांचे चुकले कुठे? तुला तिकीट पडले नाही म्हणून तू सहा वेळा गेलास. पण फुकट म्हणजे दुसऱ्याने भरलेले. ज्याच्या पगारातून कर कापला गेला, त्याने विचारू नये की काय?" प्रमोदने याला दिलेले उत्तर मला अजून पटते आहे. तो म्हणाला की विचारावे, जरूर विचारावे, पण आत येऊन, समोर उभे राहून विचारता यावे यासाठीच ते दार मोफत ठेवलेले आहे. टेटमधला कायमचा संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत; खास भरवलेल्या प्रदर्शनांना मात्र तिकीट असते आणि त्यापैकी एका प्रदर्शनाला तो मुलीबरोबर गेला होता. "तिकीट काढले त्या दिवशी मी प्रत्येक चित्रासमोर हिशेब मांडत होतो," तो म्हणाला. "सगळी दालने पाहायलाच हवीत, नाहीतर पैसे वसूल कसे होणार? पाय दुखायला लागले तरी बसलो नाही. उलट फुकटच्या दिवशी दोन खोल्या पाहिल्या, एक आवडली नाही, बाहेर येऊन नदीकाठी बसलो आणि दुसऱ्या आठवड्यात न आवडलेल्या खोलीतच पुन्हा गेलो."

आपल्याकडे 'पैसे वसूल' या दोन शब्दांनी नाटकापासून थाळीपर्यंत सगळ्याची परीक्षा होते. मीही तीच करतो, त्यामुळे मला हे बोलणे थोडे लागले. ज्या कामाकडे पाहताना आपल्याला काय वाटते आहे हेच आधी कळत नाही, त्याच्यासमोर वसुलीचा हिशेब घेऊन उभे राहिले, तर विटा हरणारच. मुंबईत जहांगीर कलादालन 1952 पासून आहे, तिथेही तिकीट नाही, आणि तरीही आमच्यापैकी किती जण फोर्टात कामाला जाताना सहज आत शिरले, हे विचारल्यावर विद्याताईंखेरीज कोणाचाच हात वर झाला नाही. तेव्हा दार मोफत असणे पुरेसे आहे, असे काही मला म्हणता येणार नाही.

प्रमोदने तसा दावा केलाही नाही. उलट त्याने स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगितली. मेफेअर भागात चित्रे विकणारी खासगी दालने आहेत. तिथेही प्रवेशाला पैसे पडत नाहीत. अशा एका दालनाचे दार बंद होते, घंटा दाबावी लागली. दार उघडले, पण टेबलामागच्या मुलीने संगणकावरून मान वर केली नाही. भिंतीवर चार चित्रे, चित्रांखाली नाव नाही, किंमत नाही. किंमत विचारली तरच सांगणार. "सराफाच्या दुकानात हातात पिशवी घेऊन शिरल्यासारखे वाटले," तो म्हणाला, "आणि तीन मिनिटांत बाहेर पडलो. चित्रे कशी होती ते आठवत नाही, माझे बूट मात्र आठवतात." नानांनी यावर टेट म्हणजे कोण असे विचारले. हेन्री टेट हे साखरेच्या चौकोनी वड्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेले व्यापारी होते आणि त्यांच्या देणगीतून 1897 साली पहिले दालन उभे राहिले, हे कळल्यावर नाना भलतेच खूश झाले. "म्हणजे तिकडेही साखरसम्राटच!" हे ते त्या संध्याकाळी तीन वेळा म्हणाले.

मकरंदचा दुसरा मुद्दा अधिक धारदार होता. जे काम शेजारच्या पाटीवरचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही, ते डोळ्यांसाठी केलेले नाही. ख्याल न समजणाऱ्याचीही एखाद्या तानेला मान डोलते, विटांपुढे कोणाची मान डोलणार? विद्याताईंनी शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली आहे, आणि त्या एरवी अशा वादात पडत नाहीत. पण या वेळी त्यांनी त्याच इमारतीतला 2003 सालचा सूर्य पुढे केला. ओलाफर एलियासन यांनी तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये पिवळ्या दिव्यांचे अर्धे वर्तुळ लावले आणि छतभर आरसे बसवले, त्यामुळे पूर्ण सूर्य दिसू लागला. लोक जमिनीवर उताणे पडून छतात स्वतःला शोधत तासन्‌तास राहिले. "त्यांनी कोणती पाटी वाचली होती?" त्यांनी विचारले. मकरंद म्हणाला की मग तो सूर्य ठेवा आणि विटा परत पाठवा. फ्रान्सिस न्यूटन सूझाविषयीही विद्याताईंनी ओझरते सांगितले: गोव्यातल्या साळगावचा हा चित्रकार 1949 साली लंडनला गेला आणि त्याचे 1959 मधले 'क्रूसिफिक्शन' आज टेटच्या संग्रहात आहे. आपला माणूस पाहायला तिकडे जावे लागते, याची खंत करायची की अभिमान बाळगायचा, यावर मात्र कट्टा दोन मिनिटांत थकला.

खरी कलाटणी दिली ती तड्याने. त्याच टर्बाइन हॉलच्या जमिनीत 2007 साली डोरिस साल्सेदो या कोलंबियाच्या कलावतीने 167 मीटर लांबीची भेग पाडली होती; युरोपात बाहेरून आलेल्यांना आत घेतले जात नाही, ती दरी तिला दाखवायची होती. काही प्रेक्षक त्यात पाय अडकून पडलेही. नंतर भेग बुजवली, पण तिची रेघ जमिनीत अजून दिसते. प्रमोद त्या रेघेवर उकिडवा बसला होता. भोवतालच्या काँक्रीटपेक्षा ती किंचित वेगळ्या रंगाची आहे, बोट फिरवले तर कडा जाणवते, आणि शेजारून बाबागाड्या, शाळेची मुले, पर्यटक असे सगळे न बघता ओलांडून जातात. "दोन दरवाजांतून माझा पासपोर्ट तपासून मला या देशात घेतले होते," तो म्हणाला, "म्हणून असेल, पण मला ती पाटी वाचावी लागली नाही." यावर मकरंद काही बोलला नाही. नाना म्हणाले, "बुजवलेला तडा दिसतोच. कोणी कितीही हुशार मिस्त्री आणा."

मग तेच पुन्हा विटांकडे वळले. आठ म्हणजे काय, बाकीची सात कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. प्रमोदने सांगितले की आंद्रे यांनी 1966 साली न्यूयॉर्कमध्ये अशी आठ शिल्पे मांडली होती. प्रत्येकात 120 विटा आणि दोन थर, पण प्रत्येकाचा आकार निराळा. नानांनी खिशातून पेन काढले आणि वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार लिहायला घेतले: एका थरात साठ, म्हणजे सहा दाहे, पाच बारे, चार पंधरे, तीन विसे. "माल तेवढाच, जागा वेगळी," ते स्वतःशीच म्हणाले. "ब्रासमध्ये मोजले तर आठही सारखे. बिल एकच निघेल." विद्याताईंनी माझ्याकडे पाहिले, हे शिल्प वर्गात समजावून सांगायला आपल्याला कधी एवढे सोपे गेले नसते, असे त्या नंतर म्हणाल्या.

मात्र या कथेतली एक गोष्ट नानांनी शेवटपर्यंत मानली नाही. न्यूयॉर्कमध्ये शिल्पे विकली गेली नाहीत, तेव्हा आंद्रे यांनी त्या विटा कारखान्याला परत करून आपले पैसे घेतले. पुढे टेटने मागणी केली तोवर तो कारखाना बंद पडला होता, म्हणून नव्या फायरब्रिक्स आणून शिल्प पुन्हा घडवावे लागले. हे ऐकून नानांनी पेन खिशात ठेवले.

"बाकी सगळे ठीक आहे," ते उठता उठता म्हणाले, "पण उतरवून घेतलेली वीट भट्टीवाला परत घेतो, हे मी जन्मात पाहिलेले नाही."