पंचवीस मुलांचा संघ नेमका कोणाच्या सोयीचा?

फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बहुतेकांना तो आला असेल. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण सूर अगदी ठाम. सारांश असा: लहान मुलांच्या संघातही २५ जण हवेतच, त्याशिवाय चुरस होत नाही, मैदानावरचा वेळ मागायचा नसतो, कमवायचा असतो, बाकावर बसूनही मूल शिकतं, नियमच असे आहेत की सगळ्यांना खेळवता येत नाही, आणि सगळ्यांना सारखं खेळवायच्या लाडापायीच गोव्याचा फुटबॉल मागे पडला. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’. आमच्यापर्यंत पोचला, म्हणून हे उत्तर.

आधी २५ या आकड्याचं बघू. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे क्लबही २५ खेळाडू नोंदवतात, असा दाखला दिलाय. नोंदवतात, खरं आहे. पण तिथे नुसत्या लीगचेच ३८ सामने, वर कप स्पर्धा, दुखापती, आणि बाकावर बसणाऱ्यालाही पगार. आपल्याकडे बाकावर बसणारा फी भरतो! २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा प्रत्येक देशाच्या संघात २१ जण होते. इराणने जर्मनीला ४-० असं धुतलं तो सामना आपल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवरचाच. विश्वचषक २१ जणांत भागतो आणि डिचोलीच्या दहा वर्षांखालच्या पोरांना २५ लागतात?

आणि त्या वयात अकरा जणांचा खेळ मुळात खेळवायचाच नसतो. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांची मुलं सात-सात खेळतात, बाराव्या वर्षापर्यंत नऊ-नऊ. अमेरिकेच्या फेडरेशनने तर खेळाच्या प्रकाराप्रमाणे संघाची कमाल संख्याच ठरवून दिली: चार जणांच्या खेळाला ६, सातला १२, नऊला १६.

हे आकडे कुठून आले ते साध्या हिशेबात कळतं. सात जणांचा सामना, २५-२५ मिनिटांचे दोन हाफ. म्हणजे संघाला वाटायला सात गुणिले पन्नास, एकूण ३५० मिनिटं. संघात १० मुलं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ मिनिटं. १२ असतील तर साधारण २९. आणि २५ असतील तर १४. कोच कितीही न्यायी असू दे, १४ ची १५ करणं त्याच्या हातात नाही. तो न्यायी नसेल तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय: सात जण पूर्ण वेळ, चार-पाच जण थोडा थोडा आणि बाकीचे फोटोपुरते. आपण सामन्यानंतर कोचशी भांडतो, पण आपल्या मुलाला किती खेळायला मिळणार हे फी भरून पंचविसावं नाव लिहून घेतलं त्या दिवशीच ठरलेलं असतं.

‘वेळ कमवायचा असतो’ हे वाक्य ऐकायला भारी वाटतं. पण दहाव्या वर्षी तो कमावतो कोण? वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, मध्ये जवळजवळ एक वर्ष. दहा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे उंचीत, धावण्यात, ताकदीत केवढा फरक! कोचला शनिवारी जिंकायचं असतं, तो थोराड पोराला घेतो. त्याला जास्त खेळायला मिळतं, म्हणून तो सुधारतो, आणि मग सगळे म्हणतात, बघा, त्याच्यात गुण होतेच. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची युवा संघांत अशी गर्दी देशोदेशी आढळली आहे. यात कमावलं काय? जन्मतारीख.

आता बाकावर बसून शिकण्याबद्दल. एकदा सामन्याकडे पाठ करून बाकावरच्या पोराकडे बघा. पहिली दहा मिनिटं तो खेळ बघतो. मग शिनगार्ड काढतो, परत घालतो. बाटल्या भरून आणतो. कोचने मागे वळून पाहिलं की उठून दोन उड्या मारतो, आपण तयार आहोत हे दिसावं म्हणून. चार मिनिटं उरलेली असतात, आपण तीन गोलांनी पुढे असतो, तेव्हा त्याचं नाव घेतात. चेंडू दुसऱ्या टोकाला, एक थ्रो-इन, शिट्टी. घरी येताना गाडीत विचारलं तर ‘खेळलो’ म्हणतो. सतरा वर्षांचा मुलगा बाहेर बसून प्रतिस्पर्ध्याच्या बचावातलं भगदाड हेरू शकतो, हे मान्य. नऊ वर्षांच्याला चेंडू पायाला लागल्याशिवाय काही समजत नाही.

नियमांबद्दल तर निव्वळ अर्धवट माहिती आहे. एका सामन्यात पाचच खेळाडू बदलायची मर्यादा मोठ्यांच्या अधिकृत स्पर्धांची. युवा आणि तळागाळाच्या फुटबॉलमध्ये बाहेर आलेला खेळाडू परत आत जाऊ शकतो, तशी मुभा खेळाच्या नियमांतच आहे. फक्त राष्ट्रीय संघटनेने आणि स्पर्धेने ती द्यायला हवी. आयोजकांनी दिली नसेल तर आयोजकांकडे मागा, नियमांवर खापर फोडू नका.

एक मुद्दा मात्र खरा आहे. चवथीच्या दिवसांत अर्धी मुलं मूळ घरी गेलेली असतात, मग परीक्षा, मग ताप. नेमकी सातच नावं घेऊन कोणी संघ चालवू शकत नाही. पण त्यासाठी तीन-चार जण जास्त पुरतात, अठरा नव्हे. मोठ्यांच्या अकरा जणांच्या खेळातसुद्धा सात खेळाडू हजर असले तरी सामना सुरू करता येतो.

दहा जणांत काम कसं भागतं? डिचोली तालुक्यातले एक कोच खिशात घडी घातलेला कागद ठेवतात. ५० मिनिटांचे दहा-दहाचे पाच तुकडे. गोलकीपर सोडून मैदानावर सहा जण, म्हणजे पाच तुकड्यांत एकूण ३० जागा. नऊ मुलांना तीन-तीन तुकडे दिले की २७ होतात, तीन उरतात. ते ज्यांना मिळाले त्यांच्या नावापुढे टिंब. पुढच्या सामन्यात जादा तुकडा दुसऱ्या तिघांना. गोलकीपरही ठरलेला नाही, पाळीपाळीने. कोणी पालक तावातावाने आला की ते कागद उघडून दाखवतात. वाद तिथेच मिटतो.

‘मैदानं कुठे आहेत, कोच कुठे आहेत’ हा अकादमीवाल्यांचा खरा नाइलाज म्हणावा, तर मोठ्या मैदानावर आडवी दोन छोटी मैदानं आरामात बसतात. अकरा-अकरात २२ जण खेळतील तिथे सात-सातमध्ये २८ खेळतात. २५ मुलं आली असतील तर १२ आणि १३ चे दोन संघ करा आणि दोन्ही नोंदवा. दुसरी प्रवेश फी आणि दुसरा माणूस लागेल. अकादमीला नको असतो तो हाच खर्च, चुरसबिरस नंतरची.

राहिला गोव्याच्या फुटबॉलच्या घसरणीचा आरोप. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे गोव्याचे संघ २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले ते तिच्या नव्या आराखड्याच्या वादातून. दहा वर्षांच्या मुलांना सारखं खेळवल्याचा त्याच्याशी काय संबंध? उलट जुन्या पिढीचं आठवा. भात कापून झालं की शेतात फुटबॉल, अनवाणी, जेवढे येतील तेवढ्यांचे दोन संघ. मेरेवर कोण बसायचं? ज्याचा पाय मुरगळला तो. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान वयोगटांना दोन-दोन, तीन-तीनचे छोटे सामने आणि पाळीपाळीने बदली सक्तीची केली. चार वेळा विश्वचषक जिंकलेला देश पोरांचे लाड करतोय असं फॉरवर्डवाल्याला म्हणायचं असेल तर म्हणू दे.

सोळा-सतराव्या वर्षी गुणांवर निवड व्हावी, कोणी पूर्ण वेळ खेळावा, कोणी बाहेर बसावा, याला माझी हरकत नाही. तेरा ते पंधराच्या दरम्यान निदान अर्धा सामना प्रत्येकाला. बाराच्या आत सारखा वेळ, फायनल असली तरी.

पालकांनी टचलाइनवरून ओरडू नये, असंही फॉरवर्डमध्ये आहे. अगदी कबूल. म्हणून विचारायचं ते आधी विचारा, पावती फाडण्यापूर्वी: या वयोगटात किती नावं घेणार, संघ किती करणार, आणि कमीत कमी किती मिनिटं देणार. तिन्ही उत्तरं लेखी मागा.